धागा: डोस थोडे, नावं फार. तालुक्यात लसीचा क्रम कसा लावायचा?

बालाघाट

साथ आली की सुरुवातीचे दोन-तीन महिने लस तुटपुंजीच मिळते, हे कोविडच्या वेळी २०२१ ने दाखवलं. तेव्हाचा मोठा क्रम दिल्लीत ठरला. १६ जानेवारीला आरोग्य कर्मचारी, २ फेब्रुवारीपासून पोलीस, महसूल, नगरपालिका वगैरे फ्रंटलाइनवाले, १ मार्चला साठीपुढचे आणि ४५ ते ५९ मधले सहव्याधीवाले, १ एप्रिलला ४५ पुढचे सगळे, १ मेला १८ पुढचे. हा क्रम बरोबर होता की चूक, यावर पाच वर्षं भांडता येईल. या धाग्याचा विषय त्याच्या खालचा आहे.

गट ठरलाय, गटात तीन हजार माणसं आहेत आणि या आठवड्यात कुप्या आल्यात चाळीस. त्या चाळीस कोणत्या उपकेंद्राला, कोणत्या तांड्याला, कोणाच्या दंडात? हे शासनाच्या पत्रात कधीच नसतं. ठरवतात तालुका आरोग्य अधिकारी, मेडिकल ऑफिसर, सिस्टर आणि आशाताई. तेही बहुतेक वेळा सकाळी साडेआठला, रांग समोर उभी असताना आणि खिशातला फोन वाजत असताना.

चर्चेसाठी एक नमुना घेऊ. प्राथमिक आरोग्य केंद्र, लोकसंख्या ३०,०००, सहा उपकेंद्रं. साठीपुढचे ३,००० धरा. आठवड्याला ४०० डोस, म्हणजे १० डोसच्या ४० कुप्या. जागा बीड, धाराशिव, परभणी, कुठलीही समजा.

एक विनंती. ‘आम्हाला कशी मिळाली नाही’ हे किस्से दुसऱ्या धाग्यावर टाका. इथे नियम, आकडे आणि अडचणी.

आकडेमोड

मग पहिलं भांडण अंतराचं. दोन डोसमध्ये किती आठवडे ठेवायचे हाही क्रमाचाच निर्णय असतो, फक्त तसा दिसत नाही.

तुमच्याच नमुन्यात अंतर ४ आठवडे ठेवा. पहिल्या चार आठवड्यांत १,६०० जणांना पहिला डोस. पाचव्या आठवड्यात पहिले ४०० परत येतात आणि आठवड्याचा सगळा साठा तेच संपवतात. पाच ते आठ या आठवड्यांत एकही नवा माणूस बसत नाही. यादीतल्या १,६०१ व्या आजीचा नंबर थेट नवव्या आठवड्यात.

अंतर १२ आठवडे केलं तर आठव्या आठवड्याच्या मध्यापर्यंत सगळ्या ३,००० जणांना एकेक डोस मिळतो. त्याच आजीचा नंबर पाचव्या आठवड्यात लागतो. शिवाय तेराव्या आठवड्याच्या आधी १,८०० डोस पुढच्या गटासाठी मोकळे होतात.

ब्रिटनने ३० डिसेंबर २०२० ला १२ आठवड्यांचा निर्णय घेतला तो याच हिशोबावर. आपल्याकडे कोविशील्डचं अंतर आधी ४ ते ६, मार्चमध्ये ६ ते ८ आणि १३ मे २०२१ ला १२ ते १६ आठवडे झालं. कोव्हॅक्सिनचं ४ ते ६ च राहिलं.

मोंढा

हिशोब चोख आहे, पण एक डोस पुरेसा काम करतो हे गृहीत धरूनच. डेल्टा हा कोविडचा नवा प्रकार आल्यावर ते गृहीतक डळमळलं. एका डोसचं लक्षणांपासून संरक्षण ब्रिटनच्या अभ्यासात तीस टक्क्यांच्या आसपास दिसलं. ॲस्ट्राझेनेकाच्या (म्हणजे आपल्या कोविशील्डच्या) दोन डोसचं सदुसष्टच्या आसपास. डेल्टाच्या धास्तीने त्यांनी १४ मे २०२१ ला पन्नाशीपुढच्यांचं अंतर परत ८ आठवड्यांवर आणलं. गंमत बघा, एक दिवस आधी आपण वाढवलं होतं.

तालुक्याला अंतर ठरवायचा अधिकार नसतो हे मान्य. पण अंतर बदललं की त्याच दिवशी यादी नव्याने लावायची तयारी हवी. नाहीतर ‘सहा आठवड्यांनी या’ असं लिहिलेल्या चिठ्ठ्या घेऊन लोक दारात येतात आणि कोविन हे नोंदणीचं पोर्टल म्हणतं अजून पात्र नाही. मे २०२१ मध्ये हे जागोजागी झालं. चिठ्ठीवर परत यायची तारीख लिहूच नये. पहिल्या डोसची तारीख आणि लसीचं नाव एवढंच लिहावं, बोलावणं आशाताईकडून जावं.

आकडेमोड

पटलं. त्यात अजून एक भर. दोन लसी एकाच केंद्रावर आल्या तर गाव वाटून घ्या. तीन उपकेंद्रं कोविशील्ड, एक कोव्हॅक्सिन, असं. एका गावात दोन्ही दिल्या की दुसऱ्या डोसची दोन वेगळी वेळापत्रकं एकाच वहीत चालवावी लागतात आणि चुकीची लस टोचली जायची शक्यता तिथेच तयार होते.

शीतपेटी

सगळे माणूस मोजताय. खालच्या पातळीवर मोजायचं एकक कुपी आहे.

कोविशील्डची कुपी ५ मिलीची, डोस अर्धा मिली, म्हणजे १० माणसं. कोव्हॅक्सिन सुरुवातीला २० डोसच्या कुपीत आली होती. कोविशील्ड उघडली की ४ तासांत संपवायची, उरलेलं टाकायचं. उघडल्याची वेळ कुपीवर पेनाने लिहायची. झाकण काढल्याबरोबर लिहा, पहिला डोस टोचून झाल्यावर नको. नियमित लसीकरणातल्या कुप्यांवर जो उष्णतेने रंग बदलणारा चौकोन असतो, तो या लसींवर नव्हता. म्हणजे कुपी तापली होती का हे डोळ्यांनी कळायचा मार्ग नाही, तापमानाच्या वहीवरच भरवसा. अशा वेळी आयएलआरची (लसीच्या फ्रिजची) सकाळ-संध्याकाळची नोंद ‘मागाहून एकदम’ भरणाऱ्या माणसाला साठ्याला हात लावू देऊ नका.

आता क्रमाशी संबंध. सत्राला २३ जण आले. तीन कुप्या उघडल्या, तिसरीतून तिघांना दिली, सात डोस वाया. ३० पैकी ७ म्हणजे २३ टक्के. मूळ नियोजनात वाया जाण्यासाठी १० टक्क्यांची मुभा होती, म्हणून गुणक १.११. एक हजार डोस टोचायचे तर १११ कुप्या. असं सत्र महिन्यातून चारदा झालं की अख्ख्या वस्तीचा वाटा कचऱ्यात. म्हणून ‘सहाही उपकेंद्रांना समान वाटप, प्रत्येकी सहा-सात कुप्या’ हे कानाला न्याय्य वाटलं तरी सगळ्यात जास्त लस तिथेच वाया जाते. आठवड्याला दोन उपकेंद्रं, प्रत्येकी दोन सत्रं, सत्राला १० कुप्या. पुढच्या आठवड्यात पुढची दोन. तीन आठवड्यांत फेरी पूर्ण.

तांडा नं. ३

फेरी ठीक, पण पहिल्या आठवड्यात कोणती दोन? इथेच सरपंचांचे फोन सुरू होतात. ज्या गावात केंद्र आहे त्या गावाला पहिला मान मिळतो, कारण सोपं पडतं. आणि रस्त्यापासून आत असलेले तांडे, वाड्या शेवटी.

उपाय साधा आहे. सहा उपकेंद्रांच्या चिठ्ठ्या, गटविकास अधिकारी आणि दोन-तीन सरपंचांसमोर काढा, क्रम कागदावर लिहा, सह्या घ्या, फोटो काढून पंचायत समितीच्या ग्रुपवर टाका. सगळ्यांची गरज सारखीच असेल तेव्हा चिठ्ठीइतका स्वस्त न्याय दुसरा नाही. गरज सारखी नसेल तेव्हा मात्र सगळ्यांची एकेकच चिठ्ठी टाकू नये. एका उपकेंद्राखाली साठीपुढचे ७०० आणि दुसऱ्याखाली ३००, तर पहिल्याच्या दोन चिठ्ठ्या टाका.

दुसरं, टोकन. सकाळची रांग हा सगळ्यात वाईट क्रम आहे. रांगेत पुढे तो असतो ज्याच्याकडे मोटारसायकल आहे, ज्याला रोजंदारी बुडायची भीती नाही आणि ज्याचे गुडघे चांगले आहेत. आपण तर गुडघे गेलेल्यांनाच बोलावतोय. आशाताईने आदल्या संध्याकाळी घरी जाऊन टोकन द्यायचं. टोकनवर गाव, अनुक्रमांक आणि तास. सत्र सहा तासांचं, १०० माणसं, म्हणजे तासाला १६-१७. लसीनंतर अर्धा तास बसवायचं, म्हणजे एका वेळी आठ-नऊ जण निरीक्षणात. दहा-बारा खुर्च्या, पंखा, पाणी, एवढ्यात भागतं. तास न लिहिता शंभर टोकन वाटले तर नऊ वाजता साठ माणसं दारात, निरीक्षणाची खोली भरलेली, आणि लोक दंड चोळत थेट एसटी स्टँडकडे निघतात.

शीतपेटी

त्या अर्ध्या तासाला हलकं घेऊ नका, बरं का. ॲनाफिलॅक्सिस (जीवघेणी ॲलर्जी) दुर्मीळ, पण झाला तर बहुधा पहिल्या काही मिनिटांतच. त्यासाठी आणीबाणीच्या किटमधलं ॲड्रिनॅलिन, १:१०००, मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. किटमधल्या ॲम्प्युलची मुदत सत्राच्या आदल्या दिवशी बघायची. किट कुलपात आणि किल्ली दुसऱ्या गावी गेलेल्या माणसाकडे, असं होऊ नये.

आणि एप्रिल-मेचं ऊन. आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री. सत्र सात-साडेसातला सुरू करून बारापर्यंत आटपा, तासांचा हिशोब त्याप्रमाणे बदला. कॅरिअरमध्ये (लस न्यायच्या पेटीत) चार आईसपॅक. ते डीप फ्रीझरमधून काढून लगेच कोंबायचे नाहीत. बाहेर ठेवायचे, पृष्ठभागाला घाम सुटला आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मग भरायचे. उन्हाच्या धास्तीने लोक कडक गोठलेले पॅक घालतात आणि लस गोठवून ठेवतात. दोन्ही लसी गोठल्या की निकामी. तापली तर निदान कोणाला शंका येते, गोठलेली वितळली की बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

मोंढा

मूळ मुद्द्यावर येतो. वय हाच एकमेव निकष का? बाजार समितीतला हमाल दिवसाला दोनशे माणसांच्या अंगाला अंग घासतो. आडते, मापाडी, ट्रकवाले, एसटीचे कंडक्टर. ग्रामपंचायतीच्या पगारपत्रकावर नसलेला पण स्मशानात सगळं करणारा माणूस. हे कोणत्याच फ्रंटलाइन यादीत बसत नव्हते, कारण यादी आस्थापनेवरून आली. ज्याला ओळखपत्र, तो फ्रंटलाइन. इंडोनेशियाने तर १३ जानेवारी २०२१ ला सुरुवातच १८ ते ५९ या कामकरी वयापासून केली.

आकडेमोड

इंडोनेशियाचं कारण वेगळं होतं. त्यांच्याकडे सिनोव्हॅक ही चिनी लस होती आणि वृद्धांवरच्या चाचण्यांची पुरेशी माहिती तेव्हा हातात नव्हती. ते धोरण मजबुरीतूनही आलं होतं.

वयाचं गणित क्रूर आहे. लस येण्याआधीचा एक मोठा संकलित अभ्यास घ्या. संसर्ग झालेल्यांपैकी मृत्यू २५ व्या वर्षी साधारण ०.०१ टक्का, ५५ ला ०.४, ६५ ला १.४, ७५ ला ४.६. ही आकडेवारी मुख्यतः श्रीमंत देशांतली, आपल्याकडे वर-खाली होईल, पण चढाचा आकार तोच. पंचावन्नच्या हमालापेक्षा पंचाहत्तरच्या त्याच्या आईला अकरा-बारा पट धोका. लस संसर्ग थांबवते की फक्त गंभीर आजार टाळते हे जानेवारी २०२१ मध्ये पक्कं माहीत नव्हतं. संसर्ग थांबत असेल तर फिरणाऱ्याला आधी देण्यात अर्थ आहे, कारण त्याला दिल्याने आईही वाचते. थांबत नसेल तर आईलाच द्या. माहीत नसेल तरीही आईलाच.

मोंढा

आई घराबाहेर पडत नाही, तिच्यापर्यंत आजार हमालच नेतो.

आकडेमोड

नेतो. पण ४०० डोसमध्ये मोंढ्यातले, स्टँडवरचे, बाजारातले सगळे झाकले जात नाहीत. साखळी तोडायला बऱ्याच जणांना एकदम द्यावी लागते, जीव वाचवायला एकेक डोस लगेच कामी येतो. साठा वाढला की तुमचा मुद्दा वजनदार होतो. आठवड्याला ४,००० मिळू लागले तर मी स्वतः म्हणेन, एक टीम थेट मोंढ्यात बसवा, सौदे संपल्यावर, दुपारी.

पांढरी फाईल

डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञ गटाने सप्टेंबर २०२० मध्ये जी चौकट दिली तिच्यात सहा तत्त्वं होती. त्यातल्या परतफेडीच्या तत्त्वावर मोंढा यांचा मुद्दा उभा राहतो: जे इतरांसाठी धोका पत्करतात त्यांचं समाजाने देणं लागतं. अंगणवाडी ताई आणि आशा आपल्याकडे आरोग्य कर्मचाऱ्यांच्या गटात धरल्या गेल्या, ते योग्यच झालं. स्मशानातल्या माणसालाही त्याच न्यायाने बसवता येतं. ग्रामसेवकाचा दाखला पुरेसा मानायचा, एवढंच जिल्ह्याने ठरवायला हवं. एका केंद्राखाली अशी माणसं दहा-पंधरा. दोन कुप्यांचा प्रश्न आहे.

मला जास्त खटकते ती सहव्याधींची यादी. १ मार्चला जी २० आजारांची यादी आली ती नीट वाचा. नुसता मधुमेह त्यात नव्हता. मधुमेह दहा वर्षांपेक्षा जुना किंवा गुंतागुंत झालेला, आणि शिवाय रक्तदाबावर उपचार चालू. हार्ट फेल्युअर (हृदय कमजोर पडणं) असेल तर गेल्या वर्षभरात दाखल झाल्याची नोंद. पक्षाघात सीटी किंवा एमआरआयवर दिसलेला. कर्करोग १ जुलै २०२० नंतर निदान झालेला किंवा उपचार चालू असलेला. वर नोंदणीकृत डॉक्टरांचं प्रमाणपत्र.

आता सांगा, अशी फाईल कोणाकडे असते? जो संभाजीनगर, लातूर, सोलापूरला दाखवून आलाय त्याच्याकडे. जिचा बीपी कधी मोजलाच नाही ती बाई यादीत येतच नाही, आणि धोका तिलाच जास्त.

म्हणून केंद्राने स्वतःकडच्या वह्या उघडायच्या. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत तिशीपुढच्यांची नोंद असते. डायलिसिसचे रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा ठरलेल्या रुग्णालयात येतातच, त्यांना गावात शोधू नका, तिथेच द्या. किनवट-माहूरकडे सिकल सेलच्या रुग्णांची नोंद बघा. प्रमाणपत्र मेडिकल ऑफिसरने त्याच टेबलावर लिहून द्यायचं, त्यासाठी रुग्णाला वेगळी फेरी नको.

एक जपायचं. एचआयव्हीही त्या यादीत होता. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नाव आणि पुढे ‘सहव्याधी’ लिहिलं की गाव तर्क लावत बसतं, आणि पंचेचाळीस ते साठमधला धडधाकट दिसणारा माणूस लगेच ओळखू येतो. फळ्यावर फक्त टोकन क्रमांक आणि तास. कारणाचा रकाना आतल्या वहीत.

तांडा नं. ३

वयावरूनही वाद होतात. आधारवर निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जानेवारी, नाहीतर शाळेतल्या दाखल्याची १ जून. चेहरा सत्तरचा, कार्डावर ५७. दारात वाद घालू नका. कार्ड मानायचं, पण पर्यायी ओळखपत्रही मानायचं. मतदान कार्ड, पेन्शनचा कागद, रोजगार हमीचं जॉब कार्ड, बँकेचं पासबुक चालत होतं. दोन कार्डांवर दोन वयं असतील तर जास्त वयाचं घ्या. साठीपुढच्याला चुकून नाकारण्यापेक्षा ५८ च्या माणसाला चुकून दिलेली बरी.

आणि वय धरायची तारीख होती १ जानेवारी २०२२, लस घ्यायचा दिवस नव्हे. म्हणजे १९६१ मध्ये जन्मलेला माणूस मार्च २०२१ मध्ये साठीचाच धरायचा. हे टेबलावर बसलेल्याला माहीत नसलं की पात्र माणसं परत जातात.

ऊसपट्टा

बीडचं नाव घेतलं आणि अजून ऊसतोडीचा विषय नाही?

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात त्या पट्टा पडेपर्यंत (गाळप बंद होईपर्यंत), म्हणजे मार्च-एप्रिल, कधी मे. सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकात. गावात मागे म्हातारे आणि शाळेची पोरं. मतदार यादीवरून पन्नाशीपुढच्यांची संख्या काढायची असं मूळ मार्गदर्शक सूचनांत होतं. ती संख्या आमच्याकडे कागदावर बरोबर आणि प्रत्यक्षात चूक. गावात म्हणून कुप्या मोजल्या, माणसं फडात.

म्हणून इथे क्रमात महिना घालावा लागतो. जानेवारी ते मार्च गावात फक्त साठीपुढचे घ्या, ते सापडतात, आणि नातवंडं सांभाळायला घरीच असतात. पन्नाशीतली जोडपी कारखान्यावर गाठा. कारखान्याच्या परिसरातल्या कोप्या (मजुरांच्या झोपड्या), तिथे टीम न्या. संध्याकाळी जा, सकाळी फडात कोणीच भेटत नाही.

अडचणी लिहून ठेवा. एक, खाडा. लसीनंतर एक-दोन दिवस ताप येतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एक पडला की दोघांचं काम थांबतं आणि मुकादम पैसे कापतो. अख्ख्या टोळीला एकाच दिवशी दिली तर दुसऱ्या दिवशी फड बंद, आणि पुढच्या वेळी मुकादम टीमला फिरकू देत नाही. निम्मी टोळी आज, निम्मी चार दिवसांनी. कारखाना साफसफाईसाठी बंद राहणार असेल त्याच्या आदली संध्याकाळ सगळ्यात चांगली.

दोन, मोबाईल. कोविनवर एका नंबरवर चारच नावं बसत, जानेवारी २०२२ मध्ये सहा झाली. टोळीत फोन दोन-तीन, त्यातला एक मुकादमाचा. सगळे मेसेज त्याला. पुढच्या हंगामात मुकादम बदलला की दुसऱ्या डोसच्या वेळी नंबर सापडत नाही, सिस्टर नाइलाजाने नवी नोंद करते, आणि माणूस पोर्टलवर दोनदा ‘पहिला डोस’ घेतलेला दिसतो. इलाज कागद. लसीचं नाव, बॅच, तारीख, नोंदणी क्रमांक एका जाड कार्डावर, आणि ते कार्ड बाईच्या हातात द्या. गाठोड्यात तीच जपून ठेवते.

तीन, गरोदर बायका. २ जुलै २०२१ पर्यंत त्यांना लस देताच येत नव्हती. फडात पोट पुढे येईपर्यंत काम चालू असतं, त्यामुळे नुसतं ‘गरोदर आहात का’ विचारून हात वर करायला लावू नका. बाईनेच बाजूला घेऊन विचारायचं.

बालाघाट

ऊसपट्टा, अंतर १२ आठवडे असेल तर पहिला डोस फेब्रुवारीत फडावर, दुसरा मेमध्ये गावी. बसतं की.

ऊसपट्टा

कोविशील्डला बसतं, कोव्हॅक्सिनला नाही. म्हणून फडावर नेताना कोणती लस न्यायची ते आधी ठरवा. आणि ओळखपत्रच नसलेले सोडू नका. ६ मे २०२१ ला त्यांच्यासाठी वेगळी कार्यपद्धती आली होती. भटके, बेघर, कारागृहातले. जिल्ह्याने एक जबाबदार माणूस नेमायचा, त्याच्या ओळखीवर नोंद. जालन्याच्या स्टील कारखान्यांतल्या परप्रांतीय कामगारांनाही हीच वाट लावता येते.

चावडी

उरलेल्या डोसांचं कोणीच बोललं नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो. दुपारी कुपीत चार डोस शिल्लक, चार वाजता टाकावे लागणार, आणि मग ‘आपले’ चौघे जादूने हजर.

शीतपेटी

याचा बंदोबस्त सकाळी करायचा. १०० टोकन आणि वर १० राखीव नावं. राखीव नावं यादीतल्याच पुढच्या दहा जणांची, म्हणजे १०१ ते ११०, आणि त्यातले पंधरा मिनिटांत पोचू शकतील असेच. शेवटची कुपी उघडण्याआधी हजर माणसं मोजा. सहा किंवा जास्त असतील तर उघडा आणि राखीव लोकांना फोन लावा. दोनदा रिंग, उचलला नाही तर पुढचा. फोनची वेळ वहीत. पाच किंवा कमी असतील तर थांबा, त्यांना उद्याच्या सत्राचं पहिलं टोकन द्या.

तांडा नं. ३

याला माझा विरोध. सात किलोमीटर चालत आलेल्या पाच म्हाताऱ्यांना ‘उद्या या’ म्हणालात की त्यातले दोन परत येत नाहीत. पाच डोस वाया जाऊ द्या, आलेल्याला टोचा.

शीतपेटी

पाच डोस वाया गेले की दुसऱ्या गावातले पाच जण पुढच्या आठवड्यावर जातात. तेही म्हातारेच. शिवाय मे २०२१ च्या सुमारास वाया जाण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आत ठेवा असा वरून दबाव होता.

पांढरी फाईल

दोघांचंही ऐकून असं करता येईल. लांबून, पायी आलेला असेल तर कुपी उघडायची, गावातलाच असेल तर उद्या. आणि हा नियम आधी फळ्यावर. टेबलावर बसलेल्याने त्या क्षणी ठरवायचं नाही. कुपीत थोडं जास्त भरलेलं असतं हेही लक्षात ठेवा. केरळाने जेवढे डोस मिळाले त्याहून जास्त लोकांना टोचले ते यातूनच. मात्र अकरावा डोस पूर्ण अर्धा मिली भरत असेल तरच. दोन कुप्यांतलं उरलंसुरलं एकत्र करून एक डोस बनवायचा नाही, कधीच.

चावडी

आणि साठा वाढल्यावर? तेव्हा क्रमाचं काय उरतं?

बालाघाट

तेव्हा प्रश्न उलटा होतो. ३ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी पहिला डोस निम्म्याहून कमी झालेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली, त्यात तेव्हाचं औरंगाबाद, नांदेड आणि हिंगोली होते. डोस पडून होते. त्याच महिन्यात औरंगाबादला लस नसेल तर पेट्रोल, गॅस, रेशन नाही असे आदेश निघाले. पुढे २ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने कोणालाही लसीची सक्ती करता येणार नाही असं स्पष्ट केलं. माझं मत, त्या टप्प्यावर रेशन अडवण्यापेक्षा कोण राहिलं ते शोधण्यात वेळ घालवावा. राहिलेले म्हणजे बहुतेक तेच. अंथरुणाला खिळलेले, तांड्यावरचे, फडावरून नुकते परतलेले. अशा वेळी आशाताईची ‘राहिलेल्यांची यादी’ हीच नवी प्राधान्य यादी. तिला टोकन लागत नाही, गाडी लागते.

ऊसपट्टा

शेवटचा व्यवहाराचा प्रश्न. बीडच्या बाईला सांगलीच्या फडावर पहिला डोस दिला. साठा कोणाचा खर्ची पडणार? तिथले मेडिकल ऑफिसर म्हणतात, आमच्या लोकांनाच पुरत नाही.

आकडेमोड

पोर्टलवर नोंद जिथे सत्र झालं तिथली. रहिवास कुठलाही असो, साठा त्या केंद्राचा. म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आधीच, ऑक्टोबरमध्ये, दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी साखर आयुक्तालयाकडून कारखानानिहाय मजुरांची संख्या मागवावी आणि तेवढे डोस बीडच्या वाट्यातून तिकडे आधीच वळते करून मागावेत. मुकादमांच्या याद्या कारखान्याच्या शेतकी विभागाकडे असतात. बाईचा दुसरा डोस गावी पडणार असेल तर तो बीडच्या मे महिन्याच्या मागणीत वेगळ्या ओळीत दाखवा, नाहीतर तेव्हा तिथल्या साठीपुढच्यांच्या वाट्यातून तो जाणार आणि परत तुमच्याच केंद्रात भांडण.